शैलाताईंनी न लिहिलेलं शेवटचं पान

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर त्यांच्याच लेखाची प्रुफं होती. ‘अपरिहार्य’ शब्दातली वेलांटी मी दुरुस्त करत होते… आधी ती पूर्ण केली, मग रडू आलं.

आयुष्यभर त्यांनी युरोपीय कादंबरीकारांवर लिहिलं. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्या बेव्हर्ली पार्क या आमच्या वसाहतीत, आमच्याच इमारतीत राहायला आल्या आणि मी त्यांची पुस्तकं तपासू लागले. एका फ्रेंच कादंबरीची नायिका नवऱ्याचं घर सोडते आणि शेवटी नदीत जीव देते. तिला लेखकाने वाचवायला हवं होतं, असं मी एकदा म्हटलं. ताई कडाडल्या, “ती वाचली असती तर कादंबरी खोटी ठरली असती. दया येतेय म्हणून शेवट बदलत नसतात, मीना!”

गेल्या रविवारी त्यांच्या भाच्याच्या सांगण्यावरून पुस्तकं आवरायला गेले होते. बेल वाजली. दारात पाली गावची कोळीण फिलोमिना, डोक्यावर मासळीची टोपली. तिला काहीच माहीत नव्हतं. सांगितलं तशी ती पॅसेजमध्येच बसली, पदरात तोंड खुपसून. मग तोंड वर करून म्हणाली, “बाय दर रविवारी गोष्ट सांगायची. त्या फ्रान्सच्या बाईची.”

“नदीतली?”

“हां. कोळ्यांनी तिला वर काढली ना? मग ती आईकडे आली. पुढचा सांगायचा ऱ्हायला.”

त्या कादंबरीत कोळी नाहीत. आईसुद्धा नाही.

“माझी पोरगी पण सासर सोडून आलीय,” फिलोमिना म्हणाली. “खोलीतून भायेर येत न्हाय. गोष्ट मात्र ऐकते. आज इचारेल… काय सांगू?”

ताईंनी हे हिच्या मुलीसाठी रचलं, की त्यांचं मतच बदललं होतं? बदललं असेल तर मला का नाही बोलल्या? रोज तर भेटायचो… आणि तिचं मरण अपरिहार्यच म्हणणाऱ्या, छापायला निघालेल्या त्यांच्या लेखाचं मी आता काय करायचं?

“तिनं शिवणाचं मशीन घेतलं,” माझ्या तोंडून निघून गेलं. “आईच्या घरातच. सुरुवातीला गिऱ्हाईक येत नव्हतं. मग यायला लागलं.”

फिलोमिनाने डोळे पुसले, टोपली उचलली. “पुढच्या रविवारी येते,” म्हणाली.

मी हो म्हटलं. ताईंना हे आवडलं असतं की त्यांनी लाल पेनने खोडलं असतं, मला खरंच कळत नाही.