कोपरा कापलेलं कार्ड

मला अंबडहून जालन्याच्या डोक्याच्या दवाखान्यात भरती केलं, तेव्हा सासरच्यांनी गल्लीभर सांगितलं की सूनबाई ट्रेनिंगला पुण्याला गेली. मी शाळेत मास्तरीण, त्यामुळे ते खपलंही. हसनाबादला माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांनाही तेच कळवलं. दवाखान्याबद्दल माझी तक्रार नव्हती. झोप उडाली होती, तोंड थांबत नव्हतं, एका दुपारी शेजारणीला गाठून मी सातवीचा अख्खा भूगोल तोंडपाठ म्हणून दाखवला होता. पण खोटं कशाला? अण्णांना खरं कळावं आणि त्यांनी मला भेटायला यावं, एवढंच मला हवं होतं.

मोबाइल नवऱ्याने घरी नेला होता आणि अण्णांचा नंबर त्या मोबाइललाच पाठ. मला पाठ होता तो पत्ता. त्यात भिंतीवर दिसेल ते वाचायची मास्तरणीची खोड. वॉर्डात पेशंटच्या हक्कांचा फलक होता आणि त्यातली नेमकी पत्र पाठवण्याच्या हक्काची ओळ पाण्याच्या फिल्टरमागे गेली होती. मान वाकडी करून ती वाचली आणि पोस्टकार्ड मागवलं.

नवरा भेटायला आला, कार्ड पाहिलं आणि सिस्टरला हळूच म्हणाला, "ते आमच्याकडं द्या, आम्ही टाकतो." डॉक्टर मागेच उभे होते. म्हणाले, "पत्र त्यांचं आहे, इथूनच जाईल. कायदाच आहे तसा." नवरा तसा गरीब माणूस. आता आईला काय सांगायचं, या काळजीत निघून गेला.

सिस्टर विशीतली. पोस्टकार्ड तिने जन्मात हाताळलं नव्हतं. काम झालेल्या कागदाचा कोपरा कात्रीने उडवायचा, ही त्या वॉर्डाची पद्धत. रक्ताची चिठ्ठी असो की औषधाची, काम झालं की कच्च. माझ्या कार्डाची नोंद झाली, तिने त्याचाही कोपरा उडवला आणि कार्ड पेटीत टाकलं. आमच्याकडे कोपरा गेलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर. ते घरात घेत नाहीत, उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकतात.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. अण्णांनी पोस्टमनच्या हातात आधी कोपरा पाहिला, मग माझं अक्षर; मेलेलं माणूस पत्र कसं लिहील, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. जीपभर भावकी घेऊन ते थेट अंबडला आले. दारातच बायकांनी गळा काढला. सासूबाई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या आणि ओरडल्या, "अहो, जिती हाय ती!"

"मंग कुठाय?" अण्णांनी विचारलं. पुण्याचं ट्रेनिंग तिथेच संपलं.

मी पोहे खात होते, तर वॉर्डाच्या दारात अण्णा.

"तू हायेस?"

"आहे की. काय झालं?"

त्यांनी बंडीच्या खिशातून कार्ड काढलं. मी म्हटलं, "अण्णा, वाचलं नाही का?"

"कोपरा गेल्यावर त्यात वाचायचं काय ऱ्हातंय? फाडायचं ऱ्हातंय. माझ्यानं फाडवलं न्हाई."

एवढं बोलून ते माझ्या खाटेवर बसले आणि रडायला लागले. मीही रडले, आणि रडता रडता त्यांना ते कार्ड वाचून दाखवलं. मी जालन्याला डोक्याच्या दवाखान्यात आहे, पुण्याला नाही. भेटायला या. येताना शेंगदाण्याची चटणी आणा.

"चटणी राह्यली की," अण्णा डोळे पुसत म्हणाले.

थोड्या दिवसांनी मला कार्ड आलं. सिस्टरने कात्री टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी ते माझ्याकडे दिलं. वर श्री, आणि लग्नपत्रिकेला लावतात तशी चारी कोपऱ्यांना हळद. खाली अण्णांचं वाकडंतिकडं अक्षर:

"पोरगी डोक्याच्या दवाखान्यात हाय, बरी होऊन राह्यली, असं साऱ्या गावाला सांगितलं. चटणी घेऊन येतो. तुझ्या सासरलाबी असंच हळद लावून टाकलंय. पाकीट न्हाई, कार्डच टाकलं. वाटेत सगळ्यांनी वाचावं."