अक्कांच्या दारातला फणस
पिकलेल्या फणसाचा वास आला की मला बन्नेरघट्ट्याच्या जंगलालगतचं एक अंगण आठवतं. नव्वदच्या दशकात मी बंगळुरात एका कारखान्यात नोकरीला होतो आणि रविवारी निसर्गप्रेमी मित्रांबरोबर तिकडच्या गावांत जायचो. हत्ती या वासावर घरांपर्यंत येतात, म्हणून दारातले फणस तोडा, असं आम्ही लोकांना सांगत असू. ते अंगण ज्यांचं, त्या अक्कांकडे आम्ही गेलो, त्याच्या पंधरवडाभर आधीच त्यांच्या नवऱ्याला हत्तीनं दारात चिरडलं होतं. "झाड त्यांनीच लावलेलं," अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या. मी म्हणालो, "अक्का, घरात लेकरं आहेत. हत्ती परत येईल." बुंध्यावर हात ठेवून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, मग "सरी", म्हणजे ठीक आहे, एवढं म्हणाल्या आणि स्वतःच कुऱ्हाड आणून दिली. दुपारपर्यंत झाड पडलं, अंगणभर चीक सांडला. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आला होता. तोडलेल्या जागी सोंड फिरवली आणि निघून गेला." एवढं बोलून त्या रडू लागल्या. आम्ही मात्र खूश होतो. उपाय लागू पडला होता. आजही मी तोच सल्ला देईन. पण कुऱ्हाड हातात घेण्याआधी त्यांच्याजवळ घटकाभर बसायला हवं होतं, हे मला माझी बायको गेल्यावर कळलं.