अकोला ते अमरावती, हवेतून

हसायचं तं आत्ताच हसून घ्या. चहा तोंडात असताना हे आयकाल तं ठसका लागन, आन् नाव माह्यं होईन.

आमी अकोल्याचे. माह्या पोरीले, वैशालीले, अमरावतीचं स्थळ आलं. पोरगा इंजिनिअर, घर चांगलं, आन् पोरीच्या मनात भरलेला. फक्त आमी त्यायच्या घरी जाऊन बोलनं पक्कं कराचं राह्यलं होतं.

आदल्या दिवशी पोराच्या बापाचा फोन आला. मानूस बोलाले गोड, पन अमरावतीचा. म्हने, "आमच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून आता मुंबईचं विमान उडते. तुमच्या शिवनीच्या विमानतळाचं काय चालू हाय जी?"

आमच्या विमानतळाचं काम वर्षानुवर्षं रखडलेलं, अकोल्याच्या मानसाले हे इचारावं काय, तुमीच सांगा. माह्या डोक्यात तिडीकच गेली. फोन कानालेच ठेवून पोरीचा मोबाइल उचलला, अकोला विमानतळ ते अमरावती विमानतळ किती लांब, असं टाकलं. लगेच उत्तर आलं. हवाई अंतर इतकं इतकं, उड्डानाले पंधरा मिनिटं.

मले वाटलं, वेळ देली म्हनजे विमान असनच. नसलेल्या विमानाची वेळ कोन कशाले काढन?

म्हनलं, "आमी उद्या विमानानंच येऊन राहिलो ना."

तिकडून नुसतं "विमानानं?" आलं. मले तं भल्लाच आनंद झाला.

सकाळी बायको, पोरगी, पेढ्याचा डबा, सारे बोलेरोत बसून शिवनीले गेलो. गेटवरच्या गार्डले इचारलं, "अमरावतीचं तिकीट कुठं भेटते?"

त्यानं आमच्या बोलेरोकडं पाह्यलं. "काहून काका, गाडीत डिझल नाही काय?"

इथून अमरावतीले कोनतंच विमान जात नाही, असं त्यानं नीट समजावून सांगतलं. बायको काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तवा मले जास्त भेव वाटते.

बोलेरो तशीच अमरावतीच्या रस्त्याले लावली. मूर्तिजापूर यायचंच होतं, तं पोराच्या बापाचा फोन. "आमी तुमाले घ्याले बेलोऱ्याले आलो. सारं घर आलं, शेजारचेही आले. विमान काही दिसून नाही राहिलं."

खरं सांगाचं सोडून मी म्हनलं, "ढग हायेत जी. उशीर होईन."

"इथं तं कडक ऊन हाय."

"अकोल्याकडं ढग हायेत."

तेवढ्यात मागून ट्रकवाल्यानं हॉर्न देला.

"हे काय वाजलं?"

"पायलट," म्हनलं, आन् फोन ठेवला.

बेलोऱ्याले पोचलो तं सारे हार घेऊन आभाळाकडं पाहून राहिले होते. आमची धुळीनं माखलेली बोलेरो त्यायच्या पाठीमागं येऊन थांबली.

पोराचा बाप वळला. हार हातात तसाच. "जो मानूस पह्यल्याच दिवशी असं खोटं बोलते, त्याच्याशी सोयरीक कशी करावी?"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. जमलेलं स्थळ मी माह्याच जिभेनं मोडून राहिलो होतो.

वैशालीच पुढं झाली. "काका, विमान नव्हतंच. बाबानं मोबाइलवर पाह्यलं आन् फुशारकी मारली. मी रस्ताभर म्हनून राहिली होती, फोन करून खरं सांगून द्या. आयकलं नाही."

मंग पोराची आई जवळ आली. तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हने, "पोरगी खरं बोलते. मले पसंत हाय. फक्त एक सांगा भाऊ, हे लेकरू गेलं कोनावर?"

बायकोनं तोंड उघडाच्या आत मीच ओरडलो, "आईवर जी, पुरी आईवर. माह्यं तिच्यात काही म्हनजे काहीच नाही."