हंड्याला बांधलेली दोरी

दुष्काळात वडवणीकडच्या आमच्या गावात दूध सोसायटीपाशी सकाळी टँकर यायचा ना, तवाची एक बाई मला अजून आठवती. नाव कधी विचारलंच न्हाई. रांगेत बायकांऐवजी हंडे उभे असायचे. ही आपल्या हंड्याला दोरी बांधायची, दुसरं टोक मनगटाला, आन भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपायची. रांग सरकली की मागची मावशी तिचा हंडा पायानं ढकलायची, दोरीला हिसका बसायचा आन ही डोळे चोळत उठायची. मला तर लई भारी वाटायचं ते.

एक दिवस हिसका बसूनबी ती उठली न्हाई. नंबर गेला, टँकर संपला.

मावशी म्हणली, "त्या डिप्रेशनच्या गोळीनं एवढी झोप येती तर सोड की बये. पाण्याबिगर मरशील."

ती जांभई देत म्हणली, "गोळी नव्हती तवा रातभर टक्क जागी असायचे, मावशी. पण टँकर आला तरी उठावं वाटायचं न्हाई. आता झोपते, पण हितं येऊन झोपते. डॉक्टर म्हणलेत, गोळीची वेळ बदलून बघू."

दुसऱ्या दिवशी मावशीनं झोपलेलीच्या मनगटाची दोरी हळूच सोडली आन आपल्याच हंड्याला बांधली.

आता नळ आलाय. पण मला ते दोन हंडेच दिसतात, एकामागं एक सरकणारे. दोन्ही भरल्यावरच मावशीनं तिला हाक मारली.