गाडीच्या वासाची चाचणी

आमची सुकेळी लोक उपवासाला खातात. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि मुंबईच्या दुकानांना पोचवायची, या नव्या व्यवसायासाठी मला पत्र्याची मोठी बंद व्हॅन हवी होती. परवडेल अशी एकच सापडली, तुळिंजला. तिच्यातून पूर्वी मासळी जात असे. उपवासाच्या पदार्थाला मासळीचा वास लागला, तर पहिलाच माल शेवटचा ठरेल, हे उघड होते.

"मॅडम, तीनदा धुतलीय," विकणारा म्हणाला. "बिनधास्त आत उभ्या राहा."

मी उभी राहिले, बाबाही राहिले. दोघांनाही काही जाणवले नाही. पण नंदाखाल गावातल्या आमच्या घरात सोमवार सोडला तर रोज मासे शिजतात. आमची नाके या चाचणीस अपात्र होती. म्हणून सुकेळ्यांचा एक पुडा रात्रभर बंद गाडीत ठेवला, तुलनेसाठी दुसरा घरी, आणि सकाळी मैत्रिणीच्या आईला बोलावले. काकू देशावरच्या, पूर्ण शाकाहारी. तुळिंजच्या त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काय तळले जात आहे, हे त्या पहिल्या मजल्यावरून सांगतात.

काकू गाडीत चढल्या, कोपरे हुंगून खाली उतरल्या. "फिनेलचा वास आहे. बाकी काही नाही."

विकणाऱ्याने हात जोडले. "काकू, तुम्ही आमच्या धंद्यात या."

मग मी गाडीतला पुडा उघडून दिला. त्यांनी तो लगेच लांब धरला. "याला मात्र येतोय."

मी घरचा पुडा पुढे केला.

"यालाही. बोंबील ना गं?"

दोष गाडीचा नव्हता. ज्या पडवीत आम्ही सुकेळी रात्री झाकून ठेवत होतो, तिथेच भिंतीलगत आईचे सुक्या मासळीचे डबे होते. घरातल्या तिघांपैकी कुणालाच त्यात काही वावगे वाटले नव्हते.

हे ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आता डबे फेकू?"

"फेकायचं नाव काढू नकोस," बाबा म्हणाले. "धंदा तिचा, जेवण माझं."

गाडी त्याच आठवड्यात घेतली. तयार माल नातेवाइकांत वाटून टाकला. एकानेही तक्रार केली नाही. फिनेलचा वास गेल्यावर दुकानांचा माल मी पुन्हा पहिल्यापासून केला. ती सुकेळी दिवसा वाडीत वाळत आणि संध्याकाळी गाडीत जात, कारण आमच्या आवारात मासळीचा वास नसलेली बंद जागा तेवढीच होती.