दोन खांबांमधली फट

किसनराव तायडे यांना मी प्रथम पाहिले ते इंझोरीत, सुगंधाबाईंच्या गोठ्यामागे. दुष्काळ सरून दुसरे वर्ष होते. मी गावच्या शाळेत मराठी शिकवायला नुकताच आलो होतो. किसनराव गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. वळूच्या आवाराच्या कोपऱ्यात त्यांनी दोन जाड खांब रोवले होते आणि त्यांमधल्या फटीतून ते सुगंधाबाईंना पुन्हा पुन्हा ये-जा करायला लावत होते.

"आता टोपलं घेऊन निंघा."

"टोपल्यासंगं नाही निंघत, भाऊ."

"मंग टाकून द्या टोपलं. सवय करा."

"माप घेऊन राह्यले माह्यं, चोळी शिवता काय?"

कुंपणापलीकडच्या बाया हसल्या. किसनरावही हसले, पण फट पुन्हा तपासली. माणूस निघावा आणि वळू अडावा, एवढीच ती हवी होती.

मला तिचे कारण समजेना. दुष्काळात त्याची आई मेल्यावर सुगंधाबाईंनी या वळूला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. तो त्यांच्या मागे मागे फिरे. मी तसे म्हणालो. किसनरावांनी उत्तर सुगंधाबाईंना दिले.

"कळपात वाढलेला सांड माणसाले दबून राह्यते. हा तुमालेच कळप समजून राह्यला. जवान झाला का तुमच्यासंगंच ताकद लावून पाहीन."

"लेकरापासून पळाले दरवाजा पायजे मले?"

"पायजे, बाई."

पुढे सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गावोगाव जाऊ लागलो. जनावराजवळ जाण्यापूर्वी ते दुरूनच बोलू लागत. विषय बहुधा कारंज्याचा बाजार. आधी आवाज पोचावा, मग माणूस, हा त्यांचा नियम. हातातली काठी त्यांनी उगारलेली मी पाहिली नाही. वळू अंग आडवे करून उभा राहिला की ते थांबत. तो आपला आकार दाखवतो आहे, ही पहिली सूचना. माती उकरणे नंतरचे.

सुगंधाबाईंनाही त्यांनी हे शिकवले होते. पुढच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत त्या चारा घेऊन आत गेल्या आणि वळू आडवा उभा राहिला. त्यांनी टोपले टाकले. पाठ न दाखवता कोपरा गाठला. त्या फटीबाहेर पडल्या आणि मागोमाग वळूचे कपाळ खांबांवर आदळले.

आम्ही पोचलो तेव्हा त्या ओट्यावर रडत होत्या. लागले काहीच नव्हते.

"माह्याच अंगावर आला, भाऊ. माह्याच!"

किसनराव शेजारी बसले. आपण आधीच सांगितले होते, हे त्यांनी त्या दिवशी काढले नाही आणि नंतरही नाही.

"लेकरू मोठं झालं, बाई. तुमचं काई चुकलं नाही." मग थोड्या वेळाने, "निंघताना कुठं अडकल्या?"

"पदर अडकला."

ते उठले. खांबावर लाकडाची एक गाठ राहिली होती. ती बाहेरून तासून काढली. आत वळू फुत्कारत होता. किसनराव त्याला कारंज्याच्या बाजाराविषयी सांगत होते. पुढे वळूला वेसण आली, आणि एकट्याने आत जायचे नाही असे ठरले. फट मात्र तशीच ठेवली.

निवृत्तीनंतर किसनराव थोडे सुटले आहेत. परवा ते खांब पाहायला गेले, तेव्हा सुगंधाबाई म्हणाल्या, "भाऊ, आता तुमीच अडकसान." त्यांनी लगेच निघून दाखवले, पोट किंचित आत घ्यावे लागले.

आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. पंच्याहत्तरीलाही ते त्या फटीतून असेच निघोत, आणि टोपले टाकून, हसत, सुगंधाबाई त्यांच्या मागून निघोत.