काका आली

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या मराठी घरांत कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या सुनेने वेगळं बिऱ्हाड केलं, हे सगळ्यांच्या आधी अलकाताई खांबेट्यांना कळायचं. दुसऱ्यांच्या भानगडी त्या चहाबरोबर वाढत. स्वतःची मात्र दोन वर्षं पोह्यांच्या डब्यामागे दडवून बसल्या होत्या.

घरात एक काकाकुवा होता, पांढराशुभ्र, पिवळ्या तुऱ्याचा. यजमानांनी, म्हणजे डॉक्टरांनी, तो चौऱ्याऐंशी साली पेट शॉपमधून आणला. काकाकुवा म्हणून नाव काका, आणि काका म्हणून पुरुष. याहून जास्त तपास कुणी केला नाही. इथेच जन्मलेली नात तनू लहानपणी सांगायची, "आजी, काका आली, बिस्किट मागते."

अलकाताई पाहुण्यांदेखत तिची फिरकी घ्यायच्या, "काका कधी 'आली' असतात का गं? इंग्लंडात काकांना लुगडं नेसवतात वाटतं." पोरगी लालेलाल व्हायची. पुढे ती आजीशी मराठी बोलेनाशीच झाली.

दोन हजार पाचच्या वसंतात एका पक्षिसंवर्धन केंद्रातल्या हिलरीबाईंचं पत्र आलं. व्हेटने पत्ता दिला होता. हे काकाकुवे पकडून पकडून त्यांच्या बेटांवर थोडेच उरलेत, आमच्याकडे नर आहेत पण माद्यांची वानवा आहे, तुमचा पक्षी मादी असेल तर द्याल का? तनू सोबतचा फॉर्म भरायला बसली. अलकाताईंनी ठणकावून 'मेल' लिहायला लावलं.

महिन्याभरात काकांनी पोह्यांच्या डब्यामागे अंडं घातलं.

अलकाताईंनी ते कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. खरं सांगावं तर काका जाणार. आणि डॉक्टर गेल्यापासून त्यांच्याच आवाजात 'अलके' म्हणणारं घरात दुसरं होतं कोण? पुढच्या वसंतात पुन्हा अंडं, पुन्हा कुंडी, आणि रोज काकांच्या तुऱ्यावरून हात फिरवत एकच विनवणी.

त्यानंतरच्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी वीसेक बायका जमल्या. अलकाताई ईलिंगच्या कुणा सुनेची गोष्ट रंगवत होत्या, पोटात एक नि ओठात एक असं म्हणत होत्या, तेवढ्यात पिंजऱ्यातून हुबेहूब त्यांच्याच आवाजात आलं, "अंडं घातलंस? सांगू नकोस गं कुणाला."

बायका हसून लोटपोट. तनूने तिळगुळाची वाटी खाली ठेवली. कितीतरी वर्षांनी ती मराठीत बोलली.

"आजी, तू काकाला 'गं' म्हणते?"

अलकाताईंना तोंडाला पदर लावायचंही सुचेना. बायका कधी गेल्या, वाण कुणाचं राहिलं, काही कळलं नाही. हिलरीबाईंना फोन मात्र त्यांनी स्वतःच केला.

शनिवारी हिलरीबाई बॉक्स घेऊन आल्या. पहिलं अंडं कधी घातलं, विचारलं. दोन वर्षं होतील, अलकाताई म्हणाल्या. बाईंनी नुसतं लिहून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवा फॉर्म अलकाताईंनी तनूपुढे सरकवला. "तूच भर बाई. मला कुठे व्याकरण येतं?"

बॉक्सचं दार लागलं. आतून डॉक्टरांच्या आवाजात हाक आली, "अलके."

त्यांना मान वर करवली नाही.